इनको गुंगी आती है

माझे बाबा दिवसा झोपायचे, आणि ते झोपले की आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे. हिंदी मुलखात, अधारतालला भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत बाबांची खाट, मागच्या खोलीत आई, मी आणि स्वयंपाक. बाबांची फॅक्टरीत रात्रपाळी असायची. सकाळी सायकल हातात धरून पायी यायचे, दारात उभे राहून दम खायचे, मग चहा. दोन घास खाल्ले न खाल्ले की खाटेवर भिंतीला पाठ लावून अर्धवट बसल्यासारखे आडवे व्हायचे. दिवस कलेपर्यंत आम्ही परातसुद्धा दोन हातांनी खाली ठेवायचो. मैत्रिणींच्या घरी दुपारी रेडिओ लागायचा, आमच्याकडे बाबांची छाती वाजायची.

बाबा फाउंड्रीत होते. वाळूच्या साच्यात लोखंड ओततात, ते निवलं की साचा फोडून वाळू झाडून काढायची असते. ते झाडण्याचं काम बाबांनी माझ्या जन्माच्या आधीपासून केलं. त्यावर बिडी. गल्लीत सगळे त्याला दमा म्हणत आणि आम्हीही तेच म्हणायचो, कारण एक नाव असलं की पुढचं कोणी विचारत नाही. जागे असताना बाबा खांदे वर उचलून श्वास आत ओढायचे आणि बशीतला चहा फुंकावा तसा ओठांचा चंबू करून बाहेर सोडायचे. पाहणाऱ्याला त्याचा त्रास व्हायचा. बाबांना सवय झाली होती.

झोपेत मात्र ही सगळी मेहनत बंद पडायची. खांदे खाली यायचे, तोंड उघडं राहायचं आणि छातीचा आवाज हळूहळू कमी होत जायचा. आईला वाटायचं, आवाज कमी झाला म्हणजे बरं वाटतंय. मी खाटेजवळ अभ्यासाला बसायचे, त्यामुळे मला जरा जास्त दिसायचं. पापण्यांच्या आत बुबुळं हलायला लागली, म्हणजे बाबा स्वप्नात शिरले, की श्वास इतका बारीक व्हायचा की मी पुस्तक सोडून त्यांच्या बनियनची चुणी बघत बसायचे, हलते की नाही. मग एकदम मोठा श्वास यायचा आणि मी पुन्हा पुस्तकात. स्वप्नात काय दिसतं ते मी त्यांना कधी विचारलं नाही. आमच्याकडे असलं काही विचारायची रीत नव्हती.

बांगलादेशच्या लढाईचं ते वर्ष. लढाई नंतर झाली, लष्कराचा माल बनवणाऱ्या बाबांच्या फॅक्टरीत ती आधीच सुरू झाली होती. ओव्हरटाइम इतका की गल्लीतले पुरुष फक्त झोपायला घरी यायचे. ब्लॅकआउटसाठी खिडक्यांच्या काचांना काळा कागद लावायचा हुकूम निघाला, तेव्हा आई खूश झाली. दिवसा झोपणाऱ्या माणसाला अंधार लागतो, आणि तो आता सरकारी खर्चानं नाही तरी सरकारी हुकमानं मिळाला होता. दुसरी गोष्ट तिला तितकी आवडली नाही. फॅक्टरीचा भोंगा बंद झाला. भोंगा वाजला तर लोक विमानं आली समजतील, म्हणून. बाबा इतकी वर्षं संध्याकाळच्या भोंग्यावर उठायचे. कितीही गाढ झोपलेले असोत, भोंगा झाला की डोळे उघडायचे. आता त्यांना आईनं उठवायचं असं ठरलं.

उठवल्यावर दिसायला लागलं की बाबा नीट जागे होत नाहीत. डोकं जड झालंय म्हणायचे, दोन्ही हातांनी कपाळ दाबून बसायचे. नखं निळसर. एकदा शर्टाच्या बाहीत पाय घालायला लागले. एकदा मला आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारली आणि दिवेलागणीला विचारलं, "शाळेत काहून नाही गेली तू?" मी हसले. तेही थोड्या वेळानं हसले, पण ते कशाला हसले हे त्यांना कळलं होतं असं मला वाटत नाही. आईकडे याला शब्द होता. तिचं माहेर वर्ध्याकडचं, तिकडे अशा अर्धवट बेशुद्ध माणसाला म्हणतात तेच ती म्हणाली. "गुंगी येऊन राहिली यांना."

मग फॅक्टरीतही बाबा उभ्या उभ्या पेंगले. वरच्या साहेबानं सांगितलं की लढाईच्या दिवसांत कामावर झोपणं ही साधी गोष्ट नाही, पुढच्या वेळी कागद होईल, म्हणजे लेखी ठपका. बाबांना कागदाची भीती वाटली. आईला बाबांची वाटायला लागली होती. ते एखाद दिवशी उठणारच नाहीत, असं तिनं मला भाकऱ्या थापता थापता सांगितलं, आणि लगेच म्हणाली, "तू ऐकू नको." ती त्यांना घेऊन नेपियर टाउनला एका चांगल्या नावाजलेल्या डॉक्टरांकडे गेली. मी शाळेत होते. तिथं काय झालं ते मला बाबांनीच सांगितलं, मध्ये मध्ये थांबत, मजा घेत.

आईचं हिंदी म्हणजे मराठीलाच शेवटी 'है' लावलेलं. बाजारात ते खपून जायचं. दवाखाना गच्च भरलेला, बाकांवर माणसं, डॉक्टरांच्या खोलीला दाराऐवजी नुसता पडदा. डॉक्टरांनी विचारलं, क्या तकलीफ़ है. आई म्हणाली, "डॉक्टरसाब, इनको गुंगी आती है."

हिंदीत गूँगी म्हणजे मुकी बाई.

डॉक्टर म्हणाले, "गूँगी आती है? कौन गूँगी? कहाँ से आती है?" पडद्याबाहेरचे लोक हसले. आई म्हणाली, "रोज आती है. सोके उठे की आती है." आता कंपाउंडरही हसला. डॉक्टर म्हणाले, "तो आने दीजिए अम्मा, बोलती तो है नहीं, आपका क्या बिगाड़ेगी?" बाबांनी सांगायला हवं होतं. पण ते नुकताच जिना चढून आले होते, आणि जो काही श्वास उरला होता तो त्यांनी हसण्यात घालवला. आईला घाम फुटला. ती म्हणाली, "नहीं नहीं. वो नींद… नींद का त्रास है."

"अच्छा," डॉक्टर म्हणाले. "नींद नहीं आती?"

आईला फक्त तिथून बाहेर पडायचं होतं. ती म्हणाली, "हाँ."

खोकल्याचं औषध मिळालं आणि झोपेच्या पांढऱ्या गोळ्या मिळाल्या. डॉक्टर वाईट नव्हते. माणसं खूप होती, आणि दिवसा झोपणाऱ्या दमेकऱ्याला झोप येत नाही हे कोणालाही खरं वाटावं असंच आहे. मला त्यांचा राग येत नाही. मला राग त्या हसण्याचा येतो, आणि त्यात मीही होते, कारण बाबांनी ते सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले होते. आईसुद्धा शेवटी हसली. दोन दिवसांत ते गल्लीभर झालं. शेजारच्या भाभी, ज्यांच्याकडून आमचं विरजण यायचं आणि ज्यांच्याकडे आमची चटणी जायची, त्या कुंपणावरून विचारायच्या, "काय दीदी, आज गूँगी आई थी?" आणि आई पदर तोंडाला लावायची. घरात किती तरी दिवसांनी काहीतरी हसण्यासारखं झालं होतं.

गोळी लागू पडली. बाबा सकाळी गोळी घ्यायचे आणि पडल्या पडल्या झोपायचे. खोकला नाही, कूस बदलणं नाही, छाती वाजणं तर नाहीच. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, अशी आमची आई, तिला कुठेही झोप लागायची आणि सगळ्या जगाला लागावी असं वाटायचं. ती पुढच्या खोलीच्या दारात उभी राहून समाधानानं बघायची. मला बनियनची चुणी पूर्वीपेक्षा जास्त वेळ बघावी लागायची. मी तसं म्हटलं, तर आई म्हणाली, "औषधानं झोपले आहेत नं, मग शांतच झोपतील." संध्याकाळी त्यांना उठवायला आता दोघी लागायचो. एक हाक मारायची, एक पाणी लावायची.

त्या दिवशी आईनं एक हाक मारली. बाबा हलले नाहीत. तिनं हात पुढे केला आणि मागे घेतला. "झोपू दे नं त्यांना," ती म्हणाली. "किती दिवसांनी असे झोपले. एक खाडा झाला तर काही लढाई हरत नाही." भोंगा असता तर वाजला असता. खिडक्यांना काळा कागद, त्यामुळे खोलीत उजेड किती उरला तेही कळत नव्हतं. मी बाबांचा हात धरून पाहिला. गरम होता, नेहमीपेक्षा गरम, आणि बोटं आपली आपण फडफडत होती. चेहऱ्यावर लाली होती. ती पाहून आईला आणखी बरं वाटलं. ओठ मात्र जांभळं खाल्ल्यासारखे.

भाभी चटणी न्यायला आल्या. वाटी हातात, हसतच आत शिरल्या. "काय दीदी, गूँगी गई कि नहीं?" मग खाटेजवळ आल्या, वाकल्या आणि वाटी खाली ठेवली.

"दीदी," त्या म्हणाल्या, "ये सो नहीं रहे हैं."

पुढचं मला दिसतं, पण त्यातलं काही वाटत नाही. भाभींनी बाबांना बसतं केलं. आई त्यांचे गाल थोपटत होती, मग मारायलाच लागली. बाबांनी डोळे अर्धे उघडले आणि पुन्हा मिटले. भाभींच्या नवऱ्यानं सायकलरिक्षा आणली. एका बाजूनं आई, एका बाजूनं भाभी, मधे बाबा. मी खाली पायांपाशी बसून त्यांचे पाय धरले. रिक्षाच्या दिव्यालाही काळा कागद होता. रस्ताभर आई एकच शब्द म्हणत होती, "अहो. अहो." तुम्ही विचाराल तुला भीती वाटली का. मला बाबांच्या पायातले मोजे कोणी धुतले नव्हते याची लाज वाटत होती.

दवाखान्यात त्यांना वाचवलं. इंजेक्शन दिलं, नळी लावली आणि हवा थोडीशीच सोडली. एकदम जास्त प्राणवायू दिला तरी अशा माणसाची छाती आळसावते, असं तिथले डॉक्टर म्हणाले. ते तरुण होते आणि त्यांना समजावून सांगायला आवडायचं. त्यांनी हिंदीतून सांगितलं, मी आईला मराठीतून. जागेपणी हा माणूस ताकद लावून श्वास घेतो. झोपेत ती ताकद लागत नाही, आणि स्वप्नात तर अजिबात नाही. तुमचं आमचं तेवढ्यावर भागतं. यांच्या फुप्फुसात शिल्लकच नाही, म्हणून झोपेत खराब हवा आत साठते, आणि तीच डोक्यात चढते. त्यावर झोपेची गोळी दिली की छातीला श्वास घ्यायची उरलीसुरली आठवणही राहत नाही. मग त्यांनी विचारलं, "उठने के बाद सिर भारी रहता था? बहकी-बहकी बातें करते थे?"

मी म्हटलं, "हाँ."

"तो यही बताना था न डॉक्टर को. यही तो असली बात थी."

मी आईकडे पाहिलं. ती बाबांच्या उशाशी उभी होती, तिला हे वाक्य मराठी न करताही कळलं होतं. मी म्हटलं, "बताया था." डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे गेले. जाता जाता आईला म्हणाले, "ऐसे बेसुध मत सोने देना."

बाबा घरी आले. लढाई तोवर संपली होती, गल्लीत पेढे वाटून झाले होते, आमचे भाभींनी ठेवले होते. काचांवरचा कागद मी नखांनी खरवडून काढला. भोंगा परत सुरू झाला. बाबांना दिवसपाळीचं बसून करायचं काम मिळालं. गोळ्या आईनं परसात पुरल्या, फेकल्या नाहीत, कोणाच्या हाती लागतील म्हणून.

आणि आई हिंदी बोलायची बंद झाली. ठरवून नाही, हळूहळू. आधी दवाखान्यात मला पुढे करायला लागली. मग बँकेत, मग बाजारात. भाजीवाल्याकडे बोटानं दाखवायची, नको असलं की मान हलवायची. एक नवीन भाजीवाली गल्लीत यायला लागली होती, तिनं एक दिवस मला हळूच विचारलं, "बिटिया, तुम्हारी अम्मा गूँगी हैं क्या?" मी म्हटलं, "हाँ." दुसरं काय सांगणार होते. ती आईला मेथी जास्त द्यायला लागली.

घरात ती बोलायची, पण तेही बाबा झोपले की. खाटेशेजारी जमिनीवर बसायची, खाटेच्या पायाला पाठ लावून, एक हात बाबांच्या पावलावर. श्वास बारीक झाला की पाऊल दाबायची.

"अहो."

"काहून उठवून राहिली?"

"उगीच."

"झोपलो होतो नं मी."

"माहीत आहे."

डॉक्टर फक्त बेसुध म्हणाले होते, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. साधी झोप झोपू द्यायची. ती म्हणायची, कळतं मला. पण साधी कुठली आणि बेसुध कुठली हे ओळखायची एक संधी तिला मिळाली होती, आणि ती तिनं खुशीत दारात उभं राहून बघण्यात घालवली होती, असा तिचा हिशेब होता. तो मोडायला माझं मराठी पुरलं नाही. बाबांचे डोळे आत गेले. ते चिडचिडे झाले, मग चिडायचंही सोडून दिलं. कधी मला बाजूला घेऊन म्हणायचे, "तुझ्या आईला सांग, मला एक दिवस झोपू दे म्हणा." मी सांगायचे. आई म्हणायची, "बरं." आणि रात्री पुन्हा पावलापाशी. अशी वर्षं गेली. मी कॉलेजात जायला लागले, बाबांची नोकरी तब्येतीच्या कारणानं संपली. आमच्या घरात तिघं होतो आणि तिघांनाही झोप नव्हती. मला त्याचं वाईट वाटायचं का? सुरुवातीला वाटायचं. मग ते घरच तसं होतं.

एका हिवाळ्यात, रविवारी दुपारी, आईला झोप लागली. बसल्या बसल्या मान खाटेच्या काठावर पडली, हात बाबांच्या पावलावर तसाच. बाबा जागे होते, उशांना टेकून बसलेले. सकाळपासून श्वास आखूड होता. मी चहा घेऊन आले तर ओठांचा रंग मला ओळखीचा वाटला. मी कप ठेवला आणि आईच्या खांद्याला हात लावायला वाकले.

बाबांनी बोट वर केलं.

"नको," ते म्हणाले. एकेक शब्द सुटा. "झोपू दे तिला. किती दिवसांनी झोपली."

मी भाभींकडे धावत गेले, रिक्षा मागवायला सांगितलं आणि परत आले. एवढाच वेळ गेला. रिक्षा आली तेव्हा तिचं काम उरलं नव्हतं. बाबांचे डोळे उघडेच होते. आई भाभींच्या चालण्याच्या आवाजानं जागी झाली, दचकून वर पाहिलं, बाबांचे उघडे डोळे दिसले, आणि तिच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं मी स्वतः पाहिलं. "जागेच आहात होय?" ती म्हणाली. पाऊल अजून तिच्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका भेटायला आल्या. पुढच्या खोलीत सतरंजी टाकली होती, खाट उभी करून ठेवली होती. भाभी आईच्या शेजारी बसल्या. भेटायला आलेल्यांपैकी एका बाईंनी विचारलं, "क्या तकलीफ़ थी उनको?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आईच्या वतीनं मीच बोलते हे सगळ्यांना माहीत होतं. मी तोंड उघडलं.

"इनको नींद नहीं आती थी," आई म्हणाली.

स्वच्छ हिंदी होतं. त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. कोणी हसलं नाही.